झोपताना ठेवलेली खूण

२००९ सालच्या उन्हाळ्यात आमच्याकडे दिवसातून दोनदा वीज जायची. भारनियमनाचे वेळापत्रक छापील असे, पण वीज काही त्या वेळापत्रकाला बांधलेली नव्हती. मी तेव्हा एका देवस्थानाच्या जुन्या मोडी जमाखर्चाचे बाळबोधीत लिप्यंतर करून ते संगणकावर उतरवत होतो. टेबलाखालचा यूपीएस जेमतेम दहा मिनिटे तग धरी. तेवढ्यात संगणकाला ‘हायबरनेट’ची आज्ञा द्यायची. मग तो थोडा वेळ डिस्कची खरखर करून पुरता बंद होई. वीज आल्यावर बटण दाबले, की ज्या अर्धवट ओळीवर मी हात थांबवला होता त्याच ओळीवर कर्सर लुकलुकताना दिसे.

महिनाभर हे बिनबोभाट चालले आणि मी निर्धास्त झालो. फाइल सेव्ह करण्याची सवय सुटली. मग जागा पुरेना म्हणून एका दुपारी संगणक तसाच हायबरनेट केलेला असताना मी पेटी उघडून दुसरी हार्ड डिस्क बसवली. बसवताना नवी डिस्क पहिल्या जोडणीला लागली आणि जुनी दुसऱ्या जोडणीला गेली. बायोसमध्ये जाऊन ‘जुन्या डिस्कवरूनच सुरू हो’ असेही सांगितले. काळ्या पडद्यावरून ओळी भराभर सरकल्या. त्यातली एक ओळ मला ओझरती दिसली. तिचा अर्थ असा होता : स्वॅपमध्ये झोपेचा मजकूर सापडला आहे, तिथली खूण पुन्हा लिहीत आहे. त्यानंतर नेहमीचा कोरा लॉगिन. दोन दिवसांचे काम, चौदा पाने, नाहीशी झाली होती.

चूक माझी होती, त्याबद्दल वाद नाही. पण एक गोष्ट मनातून जाईना. ती चौदा पाने डिस्कवर होती, अक्षर न् अक्षर होती. ‘मजकूर सापडला आहे’ असे यंत्र स्वतःच सांगत होते. मग सापडलेला मजकूर त्याने वाचला का नाही? हा प्रश्न घेऊन मी जमेल तसे वाचत गेलो. कर्नलच्या संहितेचे इंग्रजी आणि सी भाषा दोन्ही मला चाचपडतच शिकावे लागले. पुढे जे मांडतो आहे ते त्या चाचपडण्यातून हाती आलेले आहे.

स्मृती विसराळू झाली तेव्हा

संगणकाच्या इतिहासात ‘झोपेतून उठणे’ हा प्रश्न सुरुवातीपासून नव्हता. १९५३ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या ‘व्हर्लविंड’ संगणकात चुंबकीय कड्यांची स्मृती बसवली गेली. तारांच्या जाळीत ओवलेली बारीक कडी, आणि प्रत्येक कड्यात एक बिट. कड्याचे चुंबकत्व एकदा एका दिशेला वळले, की वीज असो वा नसो, ते तसेच राही. पुढची वीसेक वर्षे बहुतेक संगणकांत हीच ‘कोअर’ स्मृती होती. अशा यंत्राची वीज गेली तरी स्मृतीतला मजकूर जागच्या जागी राही. सकाळी यंत्र सुरू करून कालचेच काम पुढे ओढता येई.

१९६८ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना नव्या प्रकारच्या स्मृतीचे पेटंट मिळाले. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चिप बाजारात आली. एक छोटा विद्युतभार म्हणजे एक बिट. जागा कमी, किंमत कमी. पण हा भार गळका असतो. काही हजारांश सेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो आणि वीज गेली की सारेच जाते. आपल्या आजच्या लॅपटॉपमधली रॅम याच घराण्यातली आहे. स्मृती स्वस्त झाली, पण त्या स्वस्ताईची किंमत म्हणून ती विसराळू झाली. हायबरनेशनचा सगळा खटाटोप ही त्या किंमतीची परतफेड आहे.

उतरवून ठेवायची जागा

रॅममधले काही तरी डिस्कवर उतरवून ठेवावे ही कल्पना मात्र वेगळ्याच गरजेतून आली. डिसेंबर १९६२ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात ‘ॲटलस’ संगणकाचे उद्घाटन झाले. त्याची कोअर स्मृती होती १६ हजार शब्दांची आणि जोडीला फिरत्या चुंबकीय पिंपावर ९६ हजार शब्दांची जागा. प्रोग्राम लिहिणाऱ्याला या दोन्ही मिळून एकच मोठी स्मृती असल्यासारख्या दिसत. लागेल ते पान पिंपावरून वर यायचे, नको ते खाली जायचे. युनिक्सच्या जगात या खालच्या जागेला ‘स्वॅप’ हे नाव रुळले.

लिनक्समध्ये ही सोय १९९१ च्या नाताळात आली. जर्मनीतल्या एका वापरकर्त्याकडे फक्त २ मेगाबाइट रॅम होती आणि तेवढ्यात कर्नल तयार होत नव्हता. लिनस टोरवाल्ड्स यांनी सुट्टीत बसून पाने डिस्कवर उतरवण्याची यंत्रणा लिहिली आणि जानेवारी १९९२ च्या ०.१२ या आवृत्तीत ती सर्वांना मिळाली. ही स्वॅपची जागा चालू संगणकासाठी होती. संगणक बंद झाला की तिच्यातल्या मजकुराला कवडीची किंमत उरत नसे. तिच्यात काय कुठे ठेवले आहे याची यादी रॅममध्ये असे आणि रॅम तर पुसली गेलेली. यादीच नसलेल्या अडगळीच्या खोलीसारखी तिची गत होती. पुढे जो प्रश्न उभा राहिला त्याचे मूळ इथे आहे.

बायोसचे दिवस

१९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने लॅपटॉपची वीज वाचवण्यासाठी एपीएम नावाचा प्रमाण मसुदा काढला. त्या दशकातल्या कित्येक लॅपटॉपमध्ये ‘डिस्कवर झोपणे’ हे काम बायोसच करत असे. ऑपरेटिंग सिस्टिमला काही कळायच्या आत बायोस सगळी रॅम डिस्कवरच्या एका राखीव भागात उतरवी. फिनिक्स कंपनीच्या बायोसला त्यासाठी ‘ए-शून्य’ या सांकेतिक प्रकाराचे पार्टिशन लागे, तर आयबीएमच्या थिंकपॅडना ठराविक नावाची एक फाइल लागे.

इथे पत्त्याचा प्रश्न सोपा होता. झोपवणारा बायोस आणि उठवणाराही बायोसच. तो यंत्राच्या बोर्डवर कायमचा बसलेला, राखीव जागाही ठरलेली. अडचण वेगळीच होती. रॅम वाढवली की राखीव जागा अपुरी पडे, डिस्क बदलून नवे पार्टिशन पाडताना लोक तो ‘निरुपयोगी’ तुकडा पुसून टाकत, आणि प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हा नवा मसुदा काढला. त्यात झोपेच्या पायऱ्यांना क्रमांक दिले गेले. रॅमला वीज चालू ठेवून घेतलेली डुलकी म्हणजे ‘एस-तीन’ आणि डिस्कवर सारे उतरवून घेतलेली गाढ झोप म्हणजे ‘एस-चार’. या झोपेची व्यवस्था आता ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती आली.

मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये सरळ मार्ग धरला. सिस्टिम ज्या ड्राइव्हवर आहे त्याच्या मुळाशी ‘हायबरफिल’ नावाची एक मोठी फाइल आधीच आखून ठेवायची. स्वॅपची फाइल वेगळी, झोपेची फाइल वेगळी. जागा खर्ची पडली तरी चालेल, पण उठवणाऱ्याला शोधाशोध नको. लिनक्सने वेगळी वाट घेतली.

परक्याने उठवायचे

१९९८ च्या सुमारास गाबोर कुटी यांनी लिनक्ससाठी सॉफ्टवेअरच्या बळावर झोपण्याचा कोड लिहायला घेतला. चेक प्रोग्रामर पावेल माखेक यांनी तो पुढे नेला. २००२ साली, २.५ या विकासाच्या मालिकेत, ‘स्वसस्प’ या काहीशा अवघड नावाने तो मुख्य कर्नलमध्ये आला. नंतर पॅट्रिक मोशेल यांनी त्याची वेगळी शाखा काढली, ती पुन्हा मूळ कोडात मिसळली. नायजेल कनिंगहॅम यांनी ‘सस्पेंड-२’ नावाने समांतर संसार थाटला. तो वेगवान होता, त्याला चाहतेही होते, पण मुख्य कर्नलमध्ये त्याला कधीच जागा मिळाली नाही. २००५ पासून पोलंडचे राफाएल विसोत्स्की यांनी मूळ कोडाची मोठी डागडुजी केली. आज चालतो तो बहुतांशी त्या घडणीचा कोड.

या सर्वांनी झोपेची प्रतिमा ठेवण्यासाठी जागा निवडली ती स्वॅपची. कारण व्यवहारी होते. स्वॅप बहुतेक यंत्रांवर असतेच. तिथे लिहिण्यासाठी कर्नलला फाइलप्रणालीच्या वाटेला जावे लागत नाही. थेट डिस्कच्या खणांत लिहिता येते.

पण आता उठवणारा कोण? बायोस नाही. यंत्र सुरू होते तेव्हा डिस्कवरून एक ताजा कर्नल रॅममध्ये येतो. त्याला कालचे काहीही ठाऊक नसते. कोण झोपले होते, कधी, कुठे, यातले काही नाही. त्याने झोपलेल्या कर्नलची प्रतिमा शोधायची, रॅममध्ये आणायची, पान न् पान मूळ जागी ठेवायचे आणि त्या भरात स्वतःलाच पुसून टाकून कारभार जुन्याच्या हाती द्यायचा. म्हणजे झोपणाऱ्याला चिठ्ठी ठेवायची असते ती परक्यासाठी. आणि परक्याला वाचता येईल अशी जागा हवी, अशी भाषा हवी.

दहा अक्षरांची खूण

ती चिठ्ठी कशी असते हे मी प्रथम पाहिले तेव्हा तिच्या साधेपणाचे नवल वाटले. स्वॅपच्या जागेचे पहिले पान ४०९६ बाइटांचे असते. त्याच्या अगदी शेवटच्या दहा बाइटांत एक खूण असते. रोमन लिपीत दहा अक्षरे मोजून ‘स्वॅपस्पेस२’. कर्नल एखादी जागा स्वॅप म्हणून वापरायला घेतो तो ही दहा अक्षरे पाहूनच.

झोपताना कर्नल आधी रॅमची प्रतिमा स्वॅपच्या मोकळ्या खणांत लिहितो. कुठले पान कुठल्या खणात गेले याची यादीही तिथेच लिहितो. यादीच्या एका पानावर ५११ पत्ते मावतात आणि शेवटच्या, ५१२ व्या ठिकाणी यादीच्या पुढच्या पानाचा पत्ता असतो. प्रतिमा १ गिगाबाइटची असेल तर तिच्या यादीलाच ५१४ पाने लागतात. हे सारे लिहून झाल्यावर, सर्वात शेवटी, कर्नल पहिल्या पानाकडे येतो. मूळची दहा अक्षरे त्याच पानावर बाजूला जपून ठेवतो, यादी कुठे सुरू होते तो पत्ता नोंदवतो आणि शेवटच्या दहा बाइटांत नवी खूण लिहितो : ‘एस१सस्पेंड’. रोमन लिपीत ही नऊ अक्षरे होतात. दहावी जागा शून्याने भरतात.

क्रम पाहण्यासारखा आहे. खूण शेवटी लिहिली जाते. लिहिता लिहिता मधेच वीज गेली तर खूण जुनीच राहते आणि अर्धवट प्रतिमेला कोणी हात लावत नाही. दस्त पुरा लिहून झाल्यावरच शिक्का उमटवायचा, ही आपल्या जुन्या दफ्तरातली शिस्तच आहे.

उठतानाचा क्रम तर त्याहून विचार करायला लावणारा. ताजा कर्नल पहिले पान वाचतो. खूण झोपेची दिसली, तर प्रतिमा रॅममध्ये आणायच्या आधी तो जुनी दहा अक्षरे परत जागेवर लिहून टाकतो. म्हणजे प्रतिमा वाचताना काही बिघडले तर दुसरी संधी नाही. पहिल्या वाचनात हे मला निष्काळजीपणाचे वाटले. चौदा पाने गमावलेल्या माणसाला तसे वाटणारच.

एकदाच वटणारी हुंडी

समजा, एका पेढीवरचा कारकून दुपारच्या शिल्लकेचा आकडा डोक्यात धरून झोपला. तो झोपलेला असताना दुसऱ्याने वहीत चार नोंदी केल्या. पहिला जागा झाला आणि वही न पाहता डोक्यातल्या आकड्यावरून पुढचा जमाखर्च लिहू लागला. वहीचे जे होईल तेच डिस्कचे होते.

झोपलेल्या कर्नलच्या स्मृतीत फाइलप्रणालीचे एक चित्र असते. कोणते खण भरलेले, कोणते मोकळे, कोणत्या फाइलीचा मजकूर अजून डिस्कवर जायचा आहे. झोप आणि जाग यांच्या मध्ये कोणी त्या डिस्कवर लिहिले, तर हे चित्र खोटे ठरते. पण झोपलेल्याला ते ठाऊक नसते. तो उठतो आणि खोट्या चित्राबरहुकूम लिहू लागतो. मग दोन दिवसांचे काम नव्हे, वर्षानुवर्षांच्या फाइली धोक्यात येतात. कर्नलसोबतच्या जुन्या दस्तऐवजात याचा ठळक इशारा आहे : मधल्या काळात डिस्कवरचे काही हलवले तर तुमच्या माहितीची आशा सोडा, असा त्याचा आशय.

म्हणून झोपेची प्रतिमा हुंडीसारखी असते. एकदा वटली की रद्द. प्रतिमा वाचायला घेतली आणि काही कारणाने काम फसले, तर यंत्र साध्या पद्धतीने सुरू होणार, डिस्कवर नव्या नोंदी होणार. त्यानंतर ती जुनी प्रतिमा चुकूनही पुन्हा हाती लागता कामा नये. तेव्हा खूण आधी पुसणे हाच शहाणपणा.

माझ्या पडद्यावरच्या त्या ओळीचा उलगडा मला इथे झाला. ताज्या कर्नलला प्रतिमा सापडली नव्हती, म्हणून त्याने साधी सुरुवात केली. डिस्क वापरात घेतली गेली. मागाहून स्वॅप सुरू करणारा ‘स्वॅपऑन’ हा छोटा प्रोग्राम आला. त्याला स्वॅपवर झोपेची खूण दिसली. तोवर उशीर झाला होता. प्रतिमेतले चित्र शिळे झाले होते. त्याने खूण पुसली ती माझ्या बाकीच्या फाइली वाचवण्यासाठी.

नाव आणि ठिकाण

मग कर्नलला प्रतिमा वेळेवर का सापडली नाही? कारण स्वॅप कुठे आहे हे त्याला मी सांगितले होते आणि ते आता खोटे झाले होते.

‘स्वसस्प’च्या सुरुवातीपासून रीत अशी, की कर्नलला सुरू करताना जी आज्ञेची ओळ दिली जाते तिच्यात ‘रिझ्यूम’ या शब्दापुढे स्वॅपच्या उपकरणाचे नाव लिहायचे. माझ्या ओळीत ‘एसडीए२’ होते, म्हणजे पहिल्या डिस्कचा दुसरा तुकडा. एका मित्राच्या सांगण्यावरून मी ते हाताने लिहिले होते. पण डिस्कचे हे नाव तिच्या अंगावर कोरलेले नसते. ज्या क्रमाने कर्नलला डिस्क दिसतात त्या क्रमाने तो नावे वाटतो. नवी डिस्क पहिल्या जोडणीला लागताच ती ‘एसडीए’ झाली आणि जुनीचे नाव ‘एसडीबी’ पडले. कर्नलने मी सांगितलेल्या पत्त्यावर जाऊन पाहिले, तिथे झोपेची खूण नव्हती. तो पुढे निघाला.

ज्यांनी जमिनीची जुनी कागदपत्रे चाळली आहेत त्यांना हा घोळ ओळखीचा वाटेल. एकत्रीकरणाच्या योजनेत गावोगावच्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. जमीन तीच, बांध तोच, पण जुन्या दस्तातला नंबर घेऊन गेलात तर भलत्याच्याच शेतात उभे राहाल. लिनक्सच्या जगातही असे एक ‘एकत्रीकरण’ २००६-०७ च्या सुमारास झाले. जुन्या पद्धतीच्या डिस्कना तोवर ‘एचडीए’, ‘एचडीबी’ अशी नावे असत. ड्रायव्हर बदलले आणि त्यांचीही ‘एसडीए’, ‘एसडीबी’ झाली. हाताने लिहिलेले सारे पत्ते एका फटक्यात जुने झाले.

उपाय होता ठिकाणाऐवजी नावाने हाक मारण्याचा. स्वॅपची जागा तयार करताना तिच्या पहिल्या पानावर १२८ बिटांचा एक ओळख-क्रमांक लिहिलेला असतो. त्याला यूयूआयडी म्हणतात. डिस्क कुठल्याही जोडणीला लावा, तो बदलत नाही. झोपताना खूण बदलते तेव्हाही तो तसाच राहतो. पण गंमत अशी, की स्वॅपचा हा क्रमांक कर्नल स्वतः वाचत नाही. ते काम सुरुवातीला रॅममध्ये येणाऱ्या एका छोट्या तात्पुरत्या प्रणालीचे. तिला ‘इनिटरॅमएफएस’ म्हणतात. ती डिस्का धुंडाळते, क्रमांक जुळवते आणि सापडलेल्या तुकड्याचे ‘८:२’ यासारखे आकडे कर्नलच्या कानात सांगते. स्वॅप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असेल, तर आधी परवलीचा शब्द विचारून ते कुलूपही तीच काढते. आणि हे सारे मुख्य फाइलप्रणालीला हात लागण्यापूर्वी झाले पाहिजे. एक पाऊल मागेपुढे झाले की कारकुनाची गोष्ट खरी होते.

फाइलीच्या पोटातली स्वॅप

प्रश्न इथे संपला असता, पण लोकांना स्वॅपसाठी वेगळे पार्टिशन नकोसे झाले. साध्या फाइलीतच स्वॅप ठेवणे सोयीचे. फाइल वाढवता येते, काढून टाकता येते. उबुंटूने तर एप्रिल २०१७ च्या आवृत्तीपासून नव्या यंत्रांवर स्वॅप-फाइल हाच रिवाज केला.

आता उठवणाऱ्याची पंचाईत पाहा. फाइल कुठे आहे हे फाइलप्रणालीला विचारावे लागते. त्यासाठी फाइलप्रणाली जोडावी लागते. आणि जोडायची तर नाहीच, तो पहिला नियम. ‘फक्त वाचण्यापुरती’ जोडतो म्हटले तरी भागत नाही. एक्स्ट-३, एक्स्ट-४ यांसारख्या प्रणाली जोडताना अर्धवट राहिलेल्या नोंदी पुऱ्या करतात, म्हणजे लिहितातच.

२००६ च्या अखेरीस विसोत्स्की यांनी यावर तोड काढली. २.६.२० पासून ती कर्नलमध्ये आहे. फाइलीचे नाव विसरा, ती डिस्कवर प्रत्यक्ष कुठल्या खणापासून सुरू होते तो आकडा द्या. आज्ञेच्या ओळीत उपकरणाच्या जोडीला ‘रिझ्यूम-ऑफसेट’ म्हणून हा आकडा लिहायचा. तिथले पान वाचले की तीच शेवटची दहा अक्षरे भेटतात आणि पुढचा मार्ग तोच. फाइलप्रणालीला न विचारता फाइलीच्या दारात उभे राहायचे. फाइल पुसून नव्याने केली की आकडा बदलतो आणि ओळीतला आकडा हाताने सुधारावा लागतो. ‘बीटीआरएफएस’ या प्रणालीत तर नेहमीच्या हत्याराने मिळणारा आकडा तिच्या आतल्या हिशेबाचा असतो, डिस्कवरचा खरा खण निराळाच. २०१९ साली तिच्यात स्वॅप-फाइल चालू लागली, पण खरा आकडा सांगणारे तिचे स्वतःचे हत्यार २०२२ च्या अखेरीस आले.

चिठ्ठी दाराबाहेर

ॲपलने २००५ साली पॉवरबुकमध्ये ‘सेफ स्लीप’ आणली, तेव्हा झोपेची प्रतिमा फाइलीतच होती. पण तिचा पत्ता त्यांनी डिस्कवर ठेवला नाही. बोर्डवरच्या वीज गेली तरी न विसरणाऱ्या चिमुकल्या स्मृतीत तो लिहिला. यंत्र सुरू होताना सर्वात आधी जी जागा वाचली जाते, तिथेच चिठ्ठी अडकवली. वापरणाऱ्याने काही लिहायचे नाही, काही लक्षात ठेवायचे नाही.

लिनक्सला तिथे पोचायला २०२३ साल उजाडले. आजच्या यूईएफआय पद्धतीच्या यंत्रांतही अशी छोटी कायम स्मृती असते. ‘सिस्टिमडी’ आता झोपण्यापूर्वी तिथे स्वॅपचा यूयूआयडी, खणाचा आकडा आणि झोपणाऱ्या कर्नलची आवृत्ती लिहून ठेवते. उठताना ती नोंद वाचली जाते आणि लगेच पुसली जाते. खूण वाचायची आणि रद्द करायची, हा जुना नियम नव्या जागेतही पाळला आहे.

मधल्या काळात झोपेचे महत्त्व मात्र कमी होत गेले. फेडोराने २०२० पासून नव्या यंत्रांवर स्वॅप रॅममध्येच, दाबून लहान करून ठेवायला सुरुवात केली. अशी स्वॅप विजेबरोबर जाते, तेव्हा तिच्यात झोपता येत नाही. २०१९ च्या ५.४ या कर्नलपासून ‘लॉकडाउन’ चालू असेल तर हायबरनेशन बंद राहते. डिस्कवर पडलेल्या प्रतिमेत मधल्या मध्ये कोणी फेरफार केला तर तो ओळखायचा कसा, ही शंका त्यामागे आहे. आणि विंडोज-८ ने २०१२ साली ‘फास्ट स्टार्टअप’ आणल्यापासून साधे ‘बंद करा’ म्हटले तरी विंडोजचा गाभा खरे तर हायबरनेट होतो. त्याच यंत्रावर लिनक्स सुरू करून विंडोजचा ड्राइव्ह उघडायला गेलात, तर ‘एनटीएफएस-३जी’ हा ड्रायव्हर लिहू देत नाही. मालक झोपलेला आहे, त्याच्या वहीत तुम्ही नोंद करू नका, असे तो सांगतो. पूर्वी अशा आडमुठेपणाचा मला राग येई. आता येत नाही.

पंचवीस वर्षांच्या या धडपडीकडे पाहिले, तर स्मृती उतरवून ठेवणे हा भाग लवकर साधलेला दिसतो. जड गेले ते तिचा पत्ता कुणी सांभाळायचा हे ठरवणे. आधी तो बायोसच्या पोटात होता, मग वापरणाऱ्याच्या हाताने लिहिलेल्या ओळीत आला, मग डिस्क धुंडाळणाऱ्या छोट्या प्रणालीकडे गेला आणि शेवटी पुन्हा बोर्डवरच्या कायम स्मृतीत परतला. पत्ता माणसाच्या भरवशावर होता त्या काळात माझ्यासारख्यांची पाने गेली. पण या सगळ्या काळात एक गोष्ट कोणी सोडली नाही. शंका असेल तर उठवू नका. हरवलेली झोप परवडते, चुकीची जाग परवडत नाही.

ती चौदा पाने मी जून महिन्यात पुन्हा उतरवली. मूळ मोडी कागद शाबूत होते, म्हणून उतरवता आली. दुसऱ्यांदा वाचताना पहिल्या खेपेस चुकलेल्या तीन नोंदी सापडल्या. त्यातली एक आकड्याची होती आणि तिने साऱ्या वर्षाची शिल्लक बदलली. आता मी दर ओळीला फाइल सेव्ह करतो. संगणक हायबरनेट असताना पेटीचा स्क्रू मात्र काढत नाही.